वेढ्याचा सिनॅरिओ (कॉम्प्युटर वॉरगेम)

वेढ्याचा सिनॅरिओ म्हणजे इतिहासात खरोखर पडलेला एखाद्या किल्ल्याचा वेढा कॉम्प्युटर वॉरगेमच्या एडिटरमध्ये परत उभा करणं. नकाशा, तटबंदी, दोन्हीकडचं सैन्य, कधी काय घडेल याचे नियम (त्यांना एडिटरमध्ये ट्रिगर म्हणतात), सगळं आपणच बसवायचं. मैदानी लढाईपेक्षा हे काम जास्त किचकट असतं, कारण ती लढाई एका दुपारी आटपते आणि वेढा महिनोन् महिने चालतो, त्यातले बरेचसे दिवस तर नुसते मोर्चे खणण्यात आणि वाट बघण्यात जातात, आता हे खेळणाऱ्याला कंटाळा न येता कसं दाखवायचं?

उदाहरण म्हणून इथे चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांच्या वसईला घातलेला वेढा घेतलाय, आणि टूल म्हणून एज ऑफ एम्पायर्स २ चा एडिटर. गेम १९९९ चा, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळलेल्या पिढीला तो सांगायला नको.

सुरुवात नकाशापासून, आणि पहिली चूक पण तिथेच होते. नवशिक्या माणूस मधोमध छान चौकोनी किल्ला काढतो आणि चारी बाजूंनी सैन्य लावतो. वसईला हे चालत नाही. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाजण, त्यामुळे खरा हल्ला होऊ शकतो तो उत्तरेकडच्या वाळूवरूनच, आणि त्या अंगाला सॅन सेबास्टियन आणि रेमेडिओस हे बुरूज. एडिटरमध्ये खाजणाच्या जागी असं टेरेन, म्हणजे जमिनीचा प्रकार, टाकायचं की तोफा तिकडून जाताच कामा नयेत, नाहीतर कॉम्प्युटर पहिल्या पाच मिनिटांत तोच रस्ता शोधून काढतो. समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्र्यांची गलबतं हवीत. ती तटावर मारा करायला नाहीत, बाहेरून येणारी रसद अडवायला आहेत.

वेढा सुरू होताना आजूबाजूची परिस्थिती काय होती ते पण बसवावं लागतं. ठाणे आणि साष्टी १७३७ मध्येच मराठ्यांकडे आलेली, केळवे-माहीम आणि तारापूर १७३९ च्या जानेवारीत पडले, आणि त्याच सुमारास मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे खुद्द गोव्यात घुसलेले, म्हणजे वसईवाल्यांना तिकडून मदत यायची आशा फारशी नव्हतीच. मुंबईच्या इंग्रजांनी थोडीफार मदत केली पण ती सुद्धा चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून घेऊन! हा प्रसंग ट्रिगर म्हणून झकास बसतो : पोर्तुगीज खेळाडूने सोनं दिलं तर दारूगोळा मिळेल, फुकट काही नाही.

आता सुरुंग. वसईचा निकाल सुरुंगांनी लावला आणि नेमकी हीच गोष्ट या गेममध्ये नाही. पेटार्ड नावाचा स्वतःसकट उडणारा माणूस आहे, पण जमिनीखालून बोगदा खणून बुरुजाच्या पायात दारू भरायची सोय नाही. मग जुगाड करावा लागतो. बुरुजाजवळ एक छोटा चौकोन ठरवायचा, तिथे ठराविक माणसं ठराविक वेळ टिकली की टायमर चालू, टायमर संपला की ट्रिगरने तटाचा तेवढा तुकडा उडवायचा. किल्ल्यातून बाहेर पडून कोणी त्या माणसांना मारलं तर टायमर परत शून्यावर. इथपर्यंत सोपं आहे. पण खऱ्या वसईत सगळे सुरुंग एकदम उडाले नाहीत, काही उडाल्यावर खिंडार पडलं, मराठे आत घुसले आणि मागे राहिलेला सुरुंग तेव्हा उडून आपलीच शेकडो माणसं गाडली गेली. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये (गेमची नवी आवृत्ती) चान्स नावाची कंडिशन आहे, टक्केवारी टाकायची आणि ट्रिगर त्या शक्यतेने चालतो, तिने हे जमतं. खेळणारे शिव्या घालतात, बग आहे म्हणतात. बग नाहीये, वसई आहे.

माझ्या मते मात्र वेढ्याचा सिनॅरिओ चांगला की वाईट हे तटावर आणि तोफांवर ठरत नाही, घाई कोणाला आहे यावर ठरतं. गेममध्ये वेढा घालणारा निवांत बसतो, गावकऱ्यांकडून लाकूड तोडून घेतो, हवं तेव्हा एल्गार करतो. चिमाजी अप्पांकडे असा वेळ नव्हता. एक तर पावसाळा तोंडावर आलेला, आणि दुसरं म्हणजे नादिरशहा मार्चमध्ये दिल्लीत येऊन बसलेला, त्यामुळे बाजीरावांना कोकणात अडकलेली ही फौज मोकळी हवी होती. म्हणून मराठ्यांच्या बाजूला स्क्रीनवर दिसणारा टायमर हवाच, पाऊस लागला की हरलात. आणि त्यांचं लाकूड-सोनं कमी कमी होत जाऊ दे, नवीन गावकरी बनवायची परवानगीच काढून टाका.

तारखांचा एक घोळ आहे. शरणागती कुठे १६ मे दिसते तर कुठे ५ मे. इंग्रजांनी ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं, त्याआधीच्या मुंबईच्या त्यांच्या कागदात तारीख ११ दिवस मागे असते, दिवस तोच. पेशव्यांच्या पत्रांत तर मुसलमानी महिन्यांचे चंद्र, म्हणजे त्या महिन्यातल्या तारखा, असतात. सगळं एका कॅलेंडरमध्ये आणल्याशिवाय ट्रिगर लावायला बसू नये, नाहीतर आधी शरणागती आणि मग सुरुंग असा प्रकार होतो.

शेवट कसा करायचा यावर बरेच सिनॅरिओ फसतात, कारण गेमचा नेहमीचा नियम म्हणजे समोरचा एकूण एक मारा. वसईत तसं झालं नाही. मराठ्यांचे मेलेले-जखमी मिळून पाच हजारांच्या घरात सांगितले जातात, तरी खिंडार पडल्यावर बोलणी झाली, तह झाला आणि पोर्तुगीज २३ मेला हत्यारं घेऊन, मानाने बाहेर पडले. तेव्हा सेबास्टियन बुरूज पडला आणि किल्ल्यातलं सैन्य एका आकड्याच्या खाली आलं की पांढरं निशाण, दोन्ही बाजू मित्र, आणि पोर्तुगीज माणसं बंदराच्या दरवाज्यातून जहाजात चढेपर्यंत गेम चालू. त्या वेळात मराठा खेळाडूने कोणाला मारलं तर तो हरला असं धरायचं. किल्ल्यातल्या चर्चमध्ये एक रेलिक (गेममधली पवित्र वस्तू) ठेवून द्यावं, ते म्हणजे चर्चची घंटा, वसईहून नेलेली खरी घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेली आहे.