वेखंडाला वाफसा लागत नाही

परतीचा पाऊस लांबला की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांचा एकच प्रश्न असतो, वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळती असण्याची स्थिती, कधी येणार? काळ्या जमिनीत पाणी तुंबून राहिलं की पांढरी मुळी काळी पडते, आणि मग वरून कितीही खत सोडा, वेल ते उचलत नाही. शहरात गच्चीवरचा मोगरा गेला की आपणही म्हणतो, 'पाणी जास्त झालं, मुळं कुजली.' निदान अर्धंच बरोबर आहे. पाण्यानं मुळं मरत नाहीत, नाहीतर बाटलीतला मनी प्लांट वर्षानुवर्षं जगला नसता. मुळं मरतात श्वास कोंडून. कुजणं त्यानंतरचं.

हे समजून घ्यायला माझं आवडतं झाड म्हणजे वेखंड. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी, बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळली जाणारी ती तपकिरी, गाठीगाठींची कांडी बहुतेकांनी पाहिलेली असते. ते झाड मात्र चिखलात उभं राहतं हे फार थोड्यांना माहीत असतं. तलवारीसारखी लांब पाती, चुरगाळली की घमघमणारी. पातीची मधली शीर नेमकी मधोमध नसते, थोडी एका कडेला सरकलेली असते. नर्सरीत दुसरंच काही गळ्यात पडू नये म्हणून या दोन खुणा पुरतात. अळू-सुरणाच्या कुळातून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला केव्हाच बाहेर काढलंय. गवत, केळ, कांदा, नारळ या साऱ्या एकदल वनस्पती एका बाजूला आणि वेखंडाची एवढीशी शाखा दुसऱ्या बाजूला, इतकं ते जुनं आणि वेगळं आहे.

आता मुख्य गोष्ट. ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या दहा हजार पटींनी सावकाश तो पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की आतले जिवाणू उरलेला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत फस्त करतात. मुळाच्या पेशींना साखर जाळायला हवा उरत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एरवी एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, तीसेक रेणू मिळतात. हवेशिवाय हाती येतात फक्त दोन. एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर मूळ क्षार ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड उपाशी दिसतं, पिवळं पडतं.

वेखंडाची पहिली तोड म्हणजे नळकाम. कांडीचा पातळ आडवा काप भिंगाखाली धरा. भरीव गर जवळपास दिसतच नाही. पेशींच्या एकेरी माळांची जाळी आणि मध्ये मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या. याला वायूतक म्हणतात. वाळलेली कांडी हाताला इतकी हलकी लागते ती यामुळेच. पातीपासून आडव्या खोडापर्यंत आणि तिथून मुळांपर्यंत ही पोकळी सलग असते, त्यामुळे पातीतून शिरलेला ऑक्सिजन आतल्या आतच खाली उतरतो, चिखलाच्या वाटेला जातच नाही. मक्याच्या मुळांतही अशा पोकळ्या होतात, पण पाणी साचल्यावर. मुळात तयार होणारा इथिलीन वायू पाण्यामुळे बाहेर पडू शकत नाही, आत साठतो, आणि त्याच्या इशाऱ्यानं काही पेशी स्वतःहून मरून जागा मोकळी करतात. मक्याची ही धावपळ आणीबाणीतली. वेखंड मात्र मुळातच पोकळ्या घेऊन वाढतं.

नळी म्हटली की गळती आलीच. पाणथळीतल्या पुष्कळ वनस्पती मुळाच्या बाहेरच्या थरात मेणचट पदार्थ भरून ही गळती रोखतात, पण टोकाशी वाट मोकळी ठेवतात. तिथून झिरपणारा ऑक्सिजन फुकट जात नाही. हवा नसलेल्या चिखलात जिवाणू आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. या उतरंडीत लोह दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात येतं, पाण्यात विरघळतं आणि मुळांना विषारी ठरतं. झिरपलेल्या ऑक्सिजनशी गाठ पडताच ते तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात जातं, विरघळेनासं होतं आणि मुळावरच नारिंगी गंज होऊन बसतं. रसायन डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, डोळ्यांनी पाहता येतं. आपली बेसाल्टची काळी माती लोहानं भरलेली. टबातलं रोप उपटून धुवा. काळ्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या चिखलातून तांबूस मुळं निघण्याची शक्यता बरीच आहे.

आणि पातीच नसतील तेव्हा? कडक थंडीच्या देशांत हिवाळ्यात वेखंडाची पाती मरून जातात, आडवं खोड तेवढं गाळात उरतं. मग ते साठवलेल्या पिठूळ साखरेचं आंबवण करतं: ग्लुकोजपासून इथेनॉल. नाशिकच्या वायनरीत यीस्ट द्राक्षरसाचं करतं तीच ही अभिक्रिया. तयार झालेलं इथेनॉल भोवतीच्या पाण्यात झिरपून जातं. प्रयोगशाळेत वेखंडाची हिरवी पातीसुद्धा ऑक्सिजनशिवाय, अंधारात, दोन महिन्यांहून जास्त काळ जगलेली आहेत. द्राक्षवेलीकडून याची अपेक्षाच नको. निफाडची थंडी वेखंडाच्या खिजगणतीतही नाही.

पाणथळीतल्या इतर वनस्पतींचंही थोड्याफार फरकानं असंच चालतं. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतलं, पाणथळ. तिथं दिसणारं पाणकणीस वाळल्या दांड्यांतूनही खाली हवा पोचवतं, म्हणून ते हटवायचं तर पाण्याच्या पातळीखाली छाटतात. यावरूनच 'मुळांनी पाणी शुद्ध करणारी झाडं' ही कल्पना निघाली. तत्त्व खरं आहे: मुळांभोवतीच्या त्या ऑक्सिजनवर जिवाणू पोसले जातात आणि ते घाण खातात. पण नाल्याच्या तोंडाशी चार रोपं लावून गोदावरी निर्मळ होईल असं कुणी सिंहस्थाच्या तोंडावर सांगू लागलं, तर त्याला आधी रोज किती लिटर मैला येतो आणि जागा किती एकर आहे ते विचारावं.

दुसरा एक दावा घराघरांत ऐकू येतो. वेखंड चाटवलं की मूल हुशार होतं, गळ्यात बांधलं की दृष्ट लागत नाही. दृष्टीचं सोडून देऊ. चाटवण्याबद्दल मात्र सावध राहा. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. 1967 साली, जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि 1968 मध्ये अमेरिकेनं खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेतल्या दोन गुणसूत्रसंचांच्या वेखंडात हे द्रव्य नसतं, युरोपातल्या तीन संचांच्या वेखंडात थोडं असतं, आणि भारतात आढळणाऱ्या चार संचांच्या वेखंडाच्या तेलात बहुतेक तेच असतं. म्हणजे परदेशी वेखंड निर्धोक ठरलं म्हणून आपलंही ठरत नाही. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. किड्यांच्या बाबतीत मात्र हेच द्रव्य आपल्या बाजूनं काम करतं: अनेक कीटकांच्या मादीत अंडाशयाची वाढ ते रोखतं. धान्याच्या कोठीत, लोकरीच्या कपड्यांत वेखंड ठेवण्याची जुनी रीत उगाच नव्हती.

लावायचं तर जूनमध्ये, डोळा असलेला ताज्या कांडीचा तुकडा घ्या. दुकानातली वाळकी कांडी फुटत नाही. तळाला भोक नसलेला टब, काळी माती, थोडं कुजलेलं शेणखत, ऊन. तुकडा आडवा, जेमतेम झाकेल इतकाच पुरा. पाणी मातीच्या वर दोन-तीन बोटं ठेवायचं असेल तर गप्पी मासे सोडा, नाहीतर डासांची पैदास होईल. मासे नको असतील तर पाणी मातीच्या पृष्ठभागालाच ठेवा, नुसत्या चिखलातही वेखंड खूश असतं. साधारण वर्षानं पाती पिवळी पडू लागली की कांड्या काढा, धुऊन बोटाएवढे तुकडे करा, सावलीत वाळवा. कडक उन्हात सुगंधी तेल उडून जातं. डोळ्याचे दोन-चार तुकडे लगेच परत चिखलात टाका. वाळलेले तुकडे फडक्यात पुरचुंडी बांधून गव्हाच्या डब्यात ठेवा, आणि दळणाला गहू काढताना पुरचुंडी वेगळी काढायला विसरू नका.