पिंग होतंय, पण फाइल मध्येच अडकते?

आमचे लिनक्स गेटवे वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पिंगला (समोरचं यंत्र उत्तर देतंय का, ही छोटी चाचणी) उत्तर आलं म्हणजे नेटवर्क धडधाकट, असं धरून चालू नका. साधं पिंग ५६ बाइट डेटा पाठवतं. फाइल जाते ती १५०० बाइटच्या भरगच्च पॅकेटांतून. ज्या बोळातून सायकल जाते तिथून ट्रक जाईलच असं नाही. म्हणून केबल उपटण्याआधी एवढंच टिपून ठेवा: फाइल नेमकी कुठे अडते?

सुरुवातीलाच, शून्यावर

एसएसएचने (दूरवरून कमांड चालवण्याची सोय) लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, पण मोठा लॉग उघडला किंवा फाइल पाठवली की सगळं गोठतं. ही बहुधा एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, भानगड. ब्रॉडबँडवरचं पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी देणारी पद्धत) प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खातं, उरतात १४९२. पॅकेट मोठं झाल्याचा निरोप राउटरने आयसीएमपीने (नेटवर्कच्या चुका कळवणारे संदेश) परत द्यायचा असतो. वाटेतल्या फायरवॉलने तो गिळला की गेटवेचा बोर्ड तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

तुकडे न करण्याचा पर्याय लावून सर्व्हरला १४७२ बाइटचं पिंग करा (हेडरचे २८ धरून १५००). त्याला उत्तर नाही पण १४६४ ला येतं, तर इंटरफेसचा एमटीयू १४९२ ठेवा. ४जी राउटरवर याहून कमी लागू शकतो. १०-१० ने उतरत जा आणि चाललेल्या आकड्यात २८ मिळवा. बिझीबॉक्सच्या (छोट्या लिनक्स बोर्डांवरचा आटोपशीर कमांडसंच) पिंगमध्ये हा पर्याय बऱ्याचदा नसतो, तेव्हा त्याच लॅनवरच्या लॅपटॉपवरून तपासा.

आधी जोरात, मग ठप्प

इथे नेटवर्कला फुकट बोल लागतो. बोर्डावर येणारी फाइल आधी रॅममध्ये साठते आणि तिथून मेमरी कार्डावर उतरते. कार्ड मंद असेल तर रॅममधली राखीव जागा भरते, लिहिणारा प्रोग्रॅम थांबतो, आणि टीसीपी (डेटा क्रमाने पोचवणारा नेटवर्कचा नियम) समोरच्याला 'विंडो शून्य', म्हणजे 'आता जागा नाही, थांब', असं कळवतं. काही सेकंदांनी पुन्हा सुरू, पुन्हा ठप्प. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा टाइमआउट कमी असेल तर कनेक्शनच तुटतं.

खात्री करायची तर आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) दोन्ही दिशांना ६० सेकंद चालवा. ते कार्डाला हात लावत नाही. तिथे वेग स्थिर असेल तर दोष कार्डाचा. फाइल अडलेली असताना मेमइन्फोमधला (लिनक्सचा रॅमचा हिशोब) 'डर्टी' आकडा, म्हणजे कार्डावर उतरायचा राहिलेला डेटा, बघा, फुगलेला दिसेल. लिनक्सचं 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' हे सेटिंग ४१९४३०४ (४ एमबी) केलं की कार्डावर लिहिणं लवकर सुरू होतं आणि धक्के कमी होतात. आरसिंकला (फाइल पाठवणारा प्रोग्रॅम) वेगमर्यादा घालणंही चालतं. कार्ड जुनं असेल तर सरळ बदला. सेटिंगने म्हातारं कार्ड तरुण होत नाही.

रखडत, अधूनमधून

एथटूलमध्ये (नेटवर्क पोर्टची स्थिती दाखवणारी कमांड) 'डुप्लेक्स' हाफ दिसतंय का? फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं-घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. स्विचचा पोर्ट कुणी १०० एमबीपीएस फुलवर पक्का केला असेल, तर ऑटोवर असलेल्या बोर्डाला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, आणि तो हाफ धरतो. छोटं पिंग निभावून जातं, फाइल मात्र कोलमडते. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा. डुप्लेक्स फुल असूनही सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेटं) वाढत असतील तर केबल, तिच्या टोकाचं क्रिम्प, आणि ती व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली आहे का, हे बघा.

एकदम मेल्यासारखं

पिंगही बंद, आणि डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलची नोंदवही) 'नेटडेव्ह वॉचडॉग', 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' अशी ओळ. हा ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचा प्रश्न, म्हणजे आमचं काम. एथटूलने ईईई ही वीजबचत बंद करून एकदा बघा. फरक पडला तर तेही कळवा.

कृपया बोर्ड लगेच बंद-चालू करू नका. डीमेसेज रॅममध्ये असतो, वीज गेली की पुरावा गेला. सिरियल कन्सोलवरून (नेटवर्कशिवाय थेट केबलने बोर्डाशी जोडून) डीमेसेज, एथटूलचे काउंटर १० सेकंदांच्या अंतराने दोनदा, आणि फाइल किती एमबीवर अडली तो आकडा, एवढं आधी काढून घ्या. मग खुशाल रीसेट करा.