पीतज्वर लसीकरण प्रमाणपत्र

पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा, जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेल्या नमुन्यातील वैयक्तिक दाखला. आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम, २००५ यांच्या सहाव्या परिशिष्टात त्याचा नमुना असून सातव्या परिशिष्टात पीतज्वरासंबंधीच्या खास अटी आहेत. व्यवहारात त्याला ‘यलो फीव्हर कार्ड’ किंवा नुसते ‘यलो कार्ड’ म्हणतात. पारपत्रावरून प्रवासी कोण हे कळते, व्हिसामुळे त्याला देशात येण्याची परवानगी मिळते. या दाखल्याचा संबंध मात्र त्याच्या शरीराशी आहे. त्यामुळे पीतज्वरग्रस्त देशातून मायदेशी परतणाऱ्या भारतीय नागरिकालाही दाखल्याअभावी विमानतळावर थांबवून विलगीकरणात ठेवता येते. सगळी कागदपत्रे जवळ असूनही अनेक प्रवासी याच ठिकाणी अडतात.

पीतज्वर हा डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग आहे. ताप, कावीळ आणि रक्तस्राव ही त्याच्या तीव्र अवस्थेची लक्षणे होत. एडिस ईजिप्ती जातीचे डास त्याचा प्रसार करतात, असे क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये हवाना येथे मांडले. अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० मध्ये ते प्रयोगाने सिद्ध केले. आफ्रिकेतील सुमारे ३४ आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील १३ देश सर्वसाधारणपणे पीतज्वराचे देश मानले जातात. सर्वेक्षणानुसार या यादीत फेरबदल होत असतात. परिपाक काल, म्हणजे डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, ३ ते ६ दिवसांचा असतो. दाखल्याविषयीच्या नियमांत वारंवार येणारा ६ दिवसांचा आकडा यावरूनच आला आहे.

या दाखल्याच्या पूर्वपीठिकेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. भूमध्य समुद्रातील बंदरांत, बहुधा पंधराव्या शतकापासून, जहाजांना जे आरोग्य-दाखले दिले जात त्यांच्यापासूनच आजच्या प्रमाणपत्राची परंपरा सुरू होते, असे एक मत आहे. सोयीचे असले तरी हे मत पूर्णपणे पटत नाही. तो दाखला बंदराचा असे : जहाज निघाले त्या दिवशी त्या गावात साथ नव्हती, एवढेच त्यातून कळे. जहाजावरच्या एखाद्या माणसाला रोगाची बाधा होऊ शकते की नाही, याविषयी त्यात काही नसे आणि तेव्हाच्या वैद्यकाला ते सांगताही आले नसते. दुसरे मत एकोणिसाव्या शतकातील देवीच्या लसीच्या दाखल्यांकडे बोट दाखवते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची लस टोचून घेतलेल्यांना मुंबई इलाख्यात दाखले देऊन विलगीकरणाच्या काही नियमांतून सूट दिली जाई. हाही प्रकार याच जातीचा आहे. ‘या व्यक्तीने लस घेतली आहे, तेव्हा तिला अडवू नये’ हा विचार येथे स्पष्ट दिसतो. म्हणून प्रस्तुत प्रमाणपत्राचा जवळचा पूर्वज येथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात एका पद्धतीतून दुसरी थेट निघाली, असे म्हणण्याइतका आधार नाही.

प्रमाणपत्राला आजचे महत्त्व आले ते विमानामुळे. जहाजाचा प्रवास परिपाक कालापेक्षा लांब असे. बाधित माणूस बंदर येण्याआधी वाटेतच आजारी पडे आणि बंदरावरच्या डॉक्टरला तो ओळखता येई. विमानाने हा काळ काही तासांवर आणला. इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची लंडन–कराची सेवा (कराची तेव्हा भारतात होते) ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिचा आफ्रिकेतील मार्ग केपटाउनपर्यंत पोहोचला. धडधाकट दिसणारा पण रक्तात विषाणू असलेला प्रवासी, किंवा विमानात शिरलेला एखादा डास, भारतात सहज उतरू शकेल अशी परिस्थिती प्रथमच निर्माण झाली. हवाई प्रवासासाठीचा आंतरराष्ट्रीय आरोग्य करार १२ एप्रिल १९३३ रोजी हेग येथे झाला आणि १ ऑगस्ट १९३५ पासून अंमलात आला. पीतज्वराच्या प्रदेशातील विमानतळ डासमुक्त कसे ठेवावेत, याविषयी त्यात स्वतंत्र तरतुदी होत्या. त्या वेळी सर्वांना देता येईल अशी सुरक्षित लस नव्हती. त्यामुळे मुख्य भर विमानतळाच्या आवारावर होता.

मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये ‘१७ डी’ ही सौम्य केलेल्या जिवंत विषाणूची लस तयार केली आणि चित्र बदलले. थायलर यांना त्यासाठी १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ही लस मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यात स्थिरक म्हणून मिसळलेल्या मानवी रक्तद्रवामुळे १९४२ मध्ये अमेरिकन सैन्यात यकृतशोथाची (हेपॅटायटिसची) मोठी साथ आली आणि सुमारे ५०,००० सैनिकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर रक्तद्रव वगळण्यात आला; १७ डी वंशाच्याच लसी आजही वापरात आहेत. १९४४ च्या सुधारित करारात लसीकरणाच्या दाखल्यांचे ठराविक नमुने आले. २५ मे १९५१ रोजी जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वोच्च मंडळाने, आंतरराष्ट्रीय स्वच्छता विनियम संमत केले व १ ऑक्टोबर १९५२ पासून ते लागू झाले. पुढे पटकीच्या (कॉलऱ्याच्या) दाखल्याची अट १९७३ मध्ये आणि, रोगाचे निर्मूलन झाल्यावर, देवीच्या दाखल्याची अट १९८१ मध्ये विनियमांतून वगळली गेली. जुन्या पिढीतील प्रवाशांच्या पुस्तिकेत या तिन्ही लसींची पाने असत. त्यांपैकी पीतज्वराचे पान तेवढे टिकले.

ते का टिकले, हे समजण्यासाठी आशियातील परिस्थिती पाहावी लागते. भारतासह संपूर्ण आशियात एडिस ईजिप्ती विपुल आहे; मुंबई-पुण्यातील पाण्याची पिंपे, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या थाळ्या यांत तो वाढतो आणि दरवर्षी डेंग्यू पसरवतो. रोगाला बळी पडू शकणारी लोकसंख्याही येथे अफाट आहे. तरीही आशियात पीतज्वराची स्थानिक साथ आल्याची नोंद नाही. याची निरनिराळी कारणे सुचवली गेली आहेत. डेंग्यूसारखे सजातीय रोग होऊन गेलेल्यांच्या शरीरात पीतज्वराविरुद्ध अंशतः प्रतिकारशक्ती असावी, हे एक मत. डेंग्यू झालेल्या माकडांच्या रक्तात पीतज्वराचे विषाणू कमी प्रमाणात वाढतात, या निरीक्षणाचा त्याला आधार आहे. पण अमेरिका खंडात दोन्ही रोग शेजारी नांदत आले आहेत, ही त्यातली अडचण. आशियातील काही डासांची विषाणू वाहून नेण्याची क्षमता कमी असते, असे दुसरे मत आहे. प्रयोगांत असा फरक आढळतो, मात्र ते डास रोग पसरवूच शकत नाहीत असे दिसत नाही. तिसरे मत सर्वांत साधे आहे : विषाणू येथवर कधी नीट पोहोचलाच नाही. गुलामांच्या व्यापाराने तो पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिकपलीकडे गेला. भारताचे दळणवळण मात्र पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी होते आणि तेथे हा रोग विरळ होता. जंजिऱ्याच्या सिद्दींसह अनेक आफ्रिकी समाज शतकानुशतके कोकण किनाऱ्यावर आले, त्यांच्याबरोबर हा ताप आल्याचे मात्र आढळत नाही. तिन्ही कारणे थोड्याफार प्रमाणात खरी असण्याचा संभव आहे. त्यांत तिसऱ्याकडे कल ठेवणे सावधपणाचे ठरेल, कारण ते खरे असेल तर आपले संरक्षण केवळ अंतराने केले आणि विमानाने ते अंतर आता उरलेले नाही.

भारतीय वैद्यक प्रशासनाला ही भीती विमानापूर्वीच वाटू लागली होती. पनामा कालवा खुला झाल्यावर पीतज्वराचे देश आशियाच्या जवळ येतील, या शंकेने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी एस. पी. जेम्स यांनी १९१३ मध्ये भारताच्या पीतज्वरापासूनच्या संरक्षणावर विस्तृत लेखन केले. पुढे १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत पीतज्वराचा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला, तो ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांमुळे. ही माकडे मूळची भारतीय उपखंडातली. आफ्रिकी माकडांना सहसा सौम्य बाधा होते, ही माकडे मात्र दगावत. विषाणू भारतात शिरला तर तो माणसांपुरता मर्यादित न राहता रानातल्या माकडांतही ठाण मांडू शकेल आणि मग त्याचे उच्चाटन जवळजवळ अशक्य होईल, हा त्यातून निघणारा अर्थ गंभीर होता.

म्हणूनच भारताची भूमिका इतर अनेक देशांपेक्षा कडक आहे. २००५ चे विनियम स्वीकारताना भारताने अधिकृत राखीव अट घातली. तिच्यानुसार एखाद्या देशात कोठेही पीतज्वर आढळला तर तो संपूर्ण देश बाधित मानण्याचा आणि रोगाचे पूर्ण उच्चाटन झाल्याचा निश्चित पुरावा मिळेपर्यंत तसे मानत राहण्याचा हक्क भारताने राखून ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटना एकाच देशातील धोक्याचे आणि बिनधोक भाग वेगळे करते; भारत तसे करत नाही. उदाहरणार्थ, केनियातील नैरोबी शहरापुरतेच राहिलेल्या प्रवाशाला संघटनेचा नकाशा दाखवून उपयोग होत नाही, त्याच्याकडे दाखला मागितला जातोच.

बाधित देशातून निघाल्यापासून, किंवा तेथे विमान बदलल्यापासून, ६ दिवसांच्या आत जो प्रवासी वैध दाखल्याविना भारतात पोहोचतो त्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. मुंबईसारख्या विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरआधी आरोग्य अधिकाऱ्यांचे टेबल असते. अदिस अबाबा किंवा नैरोबीहून आलेल्या प्रवाशांना तेथे पारपत्राबरोबर पिवळी पुस्तिका उघडून दाखवावी लागते. सहा महिन्यांखालील बालके आणि दीर्घ आजारामुळे लस घेऊ न शकणारे यांना सूट आहे. बाधित देशातील विमानतळाच्या आवाराबाहेर न पडता केवळ विमान बदललेल्यांनाही, आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, सूट मिळते. ही खात्री पटवायची तर बोर्डिंग पास जपून ठेवावे लागतात. सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांच्या पालकांची मात्र कुचंबणा होते : सर्वसाधारण परिस्थितीत नऊ महिन्यांपूर्वी ही लस देत नाहीत आणि नियमातील सूट सहा महिन्यांना संपते.

दाखल्यावर नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पारपत्राचा क्रमांक आणि धारकाची सही असते. त्याखालच्या ओळीत लसीचे नाव, टोचल्याची तारीख, देखरेख करणाऱ्या वैद्यकाची सही, उत्पादक व लसीचा गट क्रमांक, वैधतेचा काळ आणि केंद्राचा शिक्का येतो. मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावा लागतो. जोडीला तिसरी भाषा चालते. शिक्का आहे पण सही नाही, असा दाखला ग्राह्य धरत नाहीत. खाडाखोड किंवा एखादा रकाना रिकामा राहिल्यासही तो अवैध ठरू शकतो. कुटुंबाला मिळून एक दाखला चालत नाही. तान्ह्या मुलाचाही वेगळा लागतो आणि त्यावर पालक सही करतात.

वैधता लस टोचल्यानंतर १० दिवसांनी सुरू होते. तिकीट हातात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची गाडी येथेच अडते. पूर्वी ती १० वर्षांनी संपत असे. एकच मात्रा जन्मभर पुरते, असे पुराव्यावरून दिसल्याने जागतिक आरोग्य सभेने मे २०१४ मध्ये सातव्या परिशिष्टात दुरुस्ती केली व ११ जुलै २०१६ पासून सर्व दाखले, आधी दिलेलेसुद्धा, आजीव वैध झाले. जुन्या पुस्तिकेवर छापलेली मुदत संपली म्हणून पुन्हा टोचून घेण्याची गरज नसते. लस घेतेवेळी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांबाबत वैद्यकीय सल्ला वेगळा असू शकतो.

भारतात ही लस केवळ केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ व बंदर आरोग्य संघटनांकडे आणि पुण्यात बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयात अशी सोय आहे. आफ्रिकी बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांवरील खलाशी हे या केंद्रांचे जुने लाभार्थी. खासगी डॉक्टरने लस दिली तरी मान्यताप्राप्त शिक्क्याविना दाखला होत नाही. लस अनेक मात्रांच्या कुपीत येते आणि द्रावण केल्यावर ६ तासांत संपवावी लागते. त्यामुळे केंद्रे ठराविक वारी, पुरेशी माणसे जमवून टोचतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी व बालकंठग्रंथीचे (थायमस ग्रंथीचे) विकार असलेल्यांना ती देत नाहीत. साठीपुढच्या व्यक्तींना आणि गरोदर स्त्रियांना धोका तोलूनच देतात.

दाखल्यावरून देशादेशांत तणावही झाले आहेत. मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने पीतज्वराचे दाखले सदोष असल्याच्या कारणावरून १२५ नायजेरियन प्रवाशांना परत पाठवले. नायजेरियाने दक्षिण आफ्रिकी प्रवाशांना परत पाठवून प्रत्युत्तर दिले आणि अखेर दक्षिण आफ्रिकेने माफी मागितली. बनावट दाखल्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. लस न घेता विकत आणलेला दाखला आरोग्य अधिकाऱ्याची फसवणूक करतोच, शिवाय तो बाळगणाऱ्यालाही रोगापुढे उघडे टाकतो. २०१६ मध्ये अंगोलातील साथीच्या वेळी तेथून चीनमध्ये परतलेले ११ जण पीतज्वराने आजारी असल्याचे निष्पन्न झाले. आशियात आयात झालेले हे पहिलेच निश्चित रुग्ण होत. चीनमध्ये पुढे स्थानिक प्रसार झाला नाही. त्याच वर्षी लसीच्या टंचाईमुळे काँगोच्या किन्शासा शहरात एक-पंचमांश मात्रा देऊन मोठी मोहीम पार पडली. अशा अल्प मात्रेने संरक्षण मिळते, पण आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचे प्रमाणपत्र मिळत नाही. परदेशी जायचे तर पूर्ण मात्रा घ्यावी लागते.