दुसरी मुलगीही दत्तक घेता येते

‘एक मुलगी दत्तक घेतलीत ना? मग दुसरी मुलगीच कशी मिळाली? कायद्यात बसत नाही.’ बडोद्यात दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवांत हे मी वर्षानुवर्षं ऐकतेय. अर्धंच खरं आहे ते. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगी असताना दुसरी मुलगी घेता येत नाही, मुलाचंही तसंच. पण संस्थेतलं मूल ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, नोंदणीतून घरी येतं ते बाल न्याय कायद्याखाली, आणि तिथे ही आडकाठी नाही. पोटची मुलगी असलेल्या जोडप्याला दुसरी मुलगी दत्तक घेता येते, हे मुंबई उच्च न्यायालयानेही २००९ मध्येच मान्य केलंय.

‘पण सख्ख्या थोड्याच?’ सख्ख्याच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ६३ वं कलम म्हणतं, आदेश लागू झाल्यापासून मूल सर्व अर्थांनी दत्तक आईबापांचं, वारसाहक्कासकट. १८७५ साली दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना सयाजीराव महाराज म्हणून डोक्यावर घेणाऱ्या या गावात तरी हे कुजबुजत विचारू नये.

धाकटी आली त्या रात्री थोरलीने न सांगता आपली गोधडी तिच्या अंगावर घातली. आज दोघी एकमेकींचे कपडे पळवतात, भांडतात. मी दारात उभी राहून बघत राहते, ऊर भरून येतो.