उपासना गावाबाहेर पोहोचवताना: आधी आवाज, मग चित्र
(चर्च, पाळकसाहेब आणि पंच कमिटीसाठी माहितीपत्रक)

जय ख्रिस्त.

"चर्चसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?" असं विचारत कुणी दुकानात आलं, की आम्ही उलट विचारतो: उपासना पाहणार कोण, आणि कुठं बसून? नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडच्या मंडळ्यांमध्ये उत्तर बहुधा एकच येतं. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडाजवळच्या झोपडीत एका मोबाईलभोवती चार माणसं, चार्जिंगची मारामार आणि डेटा रोजचा मोजका. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून बदली होऊन गेलेल्या कुटुंबाकडे वायफाय असतं, त्यांना व्हिडिओ चालतो. फडावरच्या माणसाला तो परवडत नाही.

साधा हिशेब मांडू. ७२० पी दर्जाचं (मध्यम स्वच्छ चित्राचं) थेट प्रक्षेपण अडीच एमबीपीएसने (सेकंदाला अडीच मेगाबिट) चालवलं तर बघणाऱ्याचा तासाला १ जीबीहून जास्त डेटा जातो. तोच २० मिनिटांचा संदेश नुसत्या आवाजात, ३२ केबीपीएस (सेकंदाला ३२ किलोबिट) मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजात, केला तर ५ एमबीच्या आत बसतो. व्हॉट्सॲपवर पटकन जातो, रेंज नसली तरी मेमरी कार्डावरून पुन्हा पुन्हा ऐकता येतो. एवढ्या दर्जात बोलणं स्वच्छ येतं, गाणी मात्र दबकी लागतात. गाण्यांची फाइल ६४ केबीपीएसवर करा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मावची, पावरी, अहिराणीतली साक्ष किंवा प्रार्थना रेकॉर्ड करून पाठवा. ती छापील पत्रकापेक्षा जास्त ऐकली जाते.

म्हणून आमचा सल्ला, धंद्याला थोडा मारक असला तरी: कॅमेऱ्याचे पैसे माइकला घाला.

आवाज कुठं बिघडतो

बहुतेक ठिकाणी फोन शेवटच्या बाकावर ठेवलेला असतो. त्यात पंखा, लहान मुलं, पत्र्यावरून परतणारा घुमारा आणि सगळ्यांच्या मागून पाळकसाहेब. आवाज मिक्सरमधूनच (सगळे माइक जोडलेल्या यंत्रातून) घ्यायला हवा. त्यावर बहुधा 'रेक आउट' (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणारं तोंड) असतं, तिथून वायर फोनपर्यंत आणायची. पण वायर सरळ फोनला खोचू नका. मिक्सरचा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा बराच जोरकस असतो, फोनला तो झेपत नाही आणि आवाज फाटतो. मध्ये छोटं साउंड कार्ड लागतं. मिक्सर नसेल तर कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि वरचा पंखा तेवढ्यापुरता बंद करा. मागच्या भिंतीला जाड पडदा लावला आणि खाली सतरंज्या टाकल्या की घुमारा निम्म्याने उतरल्यासारखा वाटतो.

तपासणी शनिवारीच करा: दोन मिनिटं रेकॉर्ड करून साध्या फोनच्या स्पीकरवर, अंगणात उभं राहून ऐका. रविवारी उपासना सुरू झाल्यावर कमेंटमध्ये "आवाज येस का?" विचारण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली फोन तापून मध्येच बंद पडतो. त्याला चार्जिंगला लावून उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि मिक्सर त्यावर घ्या, झुंबर नको.

थेट प्रक्षेपण करायचंच असेल तर

मोबाईलवरून यूट्यूब लाइव्हला चॅनेलचे निदान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. नाताळच्या सकाळी चॅनेल उघडायला बसलात तर हाती काही लागणार नाही. फेसबुकवरचे नवे लाइव्ह व्हिडिओ २०२५ पासून ३० दिवसच राहतात. जपून ठेवायचं ते उतरवून घ्या. मोफत झूम ४० मिनिटांत तुटतं. बायबल अभ्यासाला ते पुरे, उपासनेला नाही.

गीतं पडद्यावर

गीतांच्या जुन्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा कचरा दिसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. एकदा युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) करून घेतल्या की फोन, प्रोजेक्टर, व्हॉट्सॲप सगळीकडे चालतात. दाखवायला ओपनएलपी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

हक्कांचंही पाहा. उपासनेत गाणं गायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तेच यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून त्यांची गीतं बिनधास्त गा. मात्र त्यांचं एखाद्या कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग मागे वाजवू नका, यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते.

दानार्पणाचा क्यूआर

क्यूआर ट्रस्टच्या खात्याचाच हवा. पाळकसाहेब किंवा खजिनदाराच्या खासगी खात्याचा नको, मग माणूस कितीही भरवशाचा असो. हिशेब तपासणीच्या वेळी त्याचाच जीव टांगणीला लागतो. आणखी एक: वरून दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात, तेव्हा दर रविवारी एक रुपया टाकून खात्याचं नाव पाहा. साधा फोन असलेल्यांना यूपीआय १२३पे वापरता येतं. दानपेटी ठेवाच, आजीबाईंना तीच बरी.

प्रक्षेपण परदेशातही दिसतं. तिथल्या परकीय नागरिकाने दान पाठवायचं म्हटलं तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसेल तर क्यूआरखाली 'फक्त भारतीय नागरिकांसाठी' असं लिहून ठेवा.

ग्रुपवर काय टाकू नये

प्रार्थनेची विनंती करताना माणसाचं नाव, आजार आणि दवाखाना एकत्र लिहून ग्रुपवर टाकलं जातं. हेतू चांगला, पण तो मजकूर अर्ध्या तासात तालुकाभर फिरतो. आधी त्या घरच्यांना विचारा. शब्बाथशाळेच्या मुलांचे फोटोही आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर उपासनेची वेळ गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दडते.

पाहणीला आम्ही येऊन जातो, त्याचे पैसे घेत नाही. येताना चर्चमधली जुनी यंत्रं दाखवा; पुष्कळदा त्यातलंच निम्मं कामाला येतं. पाहणी शनिवारी ठेवा, रविवारी तुम्हीही कामात आणि आम्हीही. नाताळसाठी काही बसवायचं असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कळवा. पुढे लग्नसराई लागते, आणि तेव्हा आमच्याकडची माणसं बँडवाल्यांच्या स्पीकरमागे पळत असतात.