‘हे नाव आधीच घेतलेले आहे’: विंडोज नेटवर्कवरच्या नावांच्या भांडणाची पार्श्वभूमी

सर्व्हरवर ‘डुप्लिकेट नेम’चा संदेश झळकला की बहुतेक जण आधी डीएनएस, म्हणजे नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था, उघडतात. तिथे सगळे ठीकठाक दिसते, कारण ही तक्रार सहसा डीएनएसची नसतेच. विंडोजमध्ये यंत्राचे नाव वेगवेगळ्या काळात आलेल्या वेगवेगळ्या व्यवस्था सांभाळतात, आणि त्यातली सर्वांत जुनी व्यवस्थाच सर्वांत जास्त ओरडते.

ती म्हणजे नेटबायॉस. सायटेक कंपनीने १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी ती तयार केली. छोट्या नेटवर्कसाठीच असल्यामुळे नावांची नोंद ठेवणारा मध्यवर्ती सर्व्हर ठेवलाच नव्हता. यंत्र सुरू होताना ‘मी हे नाव घेतोय’ असे सगळ्यांना ऐकवते. कोणी हरकत घेतली नाही तर नाव त्याचे. १९८७ च्या आरएफसी १००१ आणि १००२ या मानक-दस्तऐवजांनी हीच पद्धत टीसीपी/आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या संपर्क-पद्धतीवर, आणली. विंडोजमध्ये ही घोषणा यूडीपी पोर्ट १३७ वर थोड्या अंतराने काही वेळा होते. कोणाची हरकत आली की नाव ‘कॉन्फ्लिक्ट’ अवस्थेत जाते.

नेटबायॉस नाव १६ बाइट्सचे असते. मायक्रोसॉफ्टने त्यातले १५ नावाला दिले आणि सोळावा बाइट सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखून ठेवला. आजच्या निम्म्या गोंधळाचे मूळ इथे आहे. लांबलचक नावांच्या शेवटी अनुक्रमांक घालायची पद्धत असेल आणि तो अंक सोळाव्या जागी गेला, तर डीएनएसमध्ये वेगळी दिसणारी दोन यंत्रे नेटबायॉसला एकच वाटतात. शिवाय एकाच नावाची नोंद अनेकदा होते: हेक्स ०० वर्कस्टेशनसाठी, हेक्स २० फाइल सर्व्हरसाठी. विंडोजच्या सिस्टम लॉगमधल्या इव्हेंट ४३२१ मध्ये नावापुढे १डी दिसला, तर भांडण यंत्राच्या नावावरून नसून वर्कग्रुपचा मास्टर ब्राउझर (यंत्रांची यादी सांभाळणारे यंत्र) कोण, यावरून आहे. अशा वेळी यंत्राचे नाव बदलून काहीही साधत नाही.

शोध घेण्याची रीतही त्या काळातलीच आहे. ‘एनबीटीस्टॅट’ ही कमांड छोटा ‘एन’ जोडून चालवा. कोणते नाव अडकले आहे ते कळते. सिस्टम लॉगमध्ये नेटबीटीचा (टीसीपी/आयपीवरच्या नेटबायॉसचा) इव्हेंट ४३१९ असेल, तर हरकत घेणाऱ्याचा आयपी पत्ता मजकुरात शोधू नका. तो खालच्या डेटा भागात हेक्समध्ये असतो. ४३२१ मात्र दोन्ही पत्ते सरळ लिहून देतो. मग ‘एनबीटीस्टॅट’ला कॅपिटल ‘ए’ आणि तो पत्ता द्या: त्या यंत्राची नावे आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) मिळतो, आणि मॅकवरून स्विचचा पोर्ट गाठता येतो. सापडलेला पत्ता सर्व्हरचा स्वतःचाच निघाला तर दचकू नका. एकाच सबनेटवर (नेटवर्कच्या एकाच भागावर) दोन नेटवर्क कार्डे असली की सर्व्हर स्वतःवरच हरकत घेऊ शकतो. एका कार्डाच्या टीसीपी/आयपी सेटिंगमध्ये विन्सच्या टॅबवर नेटबायॉस बंद करा आणि ‘एनबीटीस्टॅट’ला दोन कॅपिटल ‘आर’ जोडून नावांची नोंद पुन्हा करून घ्या. इव्हेंट २५०५ दिसत असेल तर हे लगेच करावे लागते, कारण त्यात सर्व्हर सेवाच त्या कार्डाशी जोडली जात नाही आणि फाइल शेअरिंग बंद पडते.

सगळ्यांना ऐकवलेली घोषणा (ब्रॉडकास्ट) राउटरपलीकडे जात नाही, म्हणून १९९४ मध्ये विंडोज एनटी ३.५ सोबत नावांची मध्यवर्ती नोंद ठेवणारे विन्स आले. नव्या यंत्राने जुनेच नाव मागितले की विन्स आधी जुन्या मालकाला विचारते. उत्तर आले नाही तर नाव नव्याला देते. हाताने घातलेल्या स्टॅटिक नोंदींना मात्र ते एरवी हात लावत नाही. त्यामुळे कधीच भंगारात गेलेल्या सर्व्हरची नोंद नव्या सर्व्हरची वाट अडवून बसते. अशी नोंद नुसती डिलीट केली तर रेप्लिकेशनमधून, म्हणजे विन्स सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून, परत येते; नोंद मेल्याची खूण ठेवणारा ‘टूम्बस्टोन’चा पर्याय निवडावा.

२००० साली या भाबड्या पद्धतीची दुसरी बाजू उघड झाली. कोणीही खोटी हरकत पाठवून यंत्राला नाव सोडायला लावू शकत होता. मायक्रोसॉफ्टने एमएस००-०४७ हे बुलेटिन काढले आणि ‘नोनेमरिलीजऑनडिमांड’ ही रजिस्ट्री नोंद दिली.

त्याच वर्षी विंडोज २००० मधून अॅक्टिव्ह डिरेक्टरी (यंत्रांची आणि वापरकर्त्यांची खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) आली, नावे शोधण्याचे मुख्य काम डीएनएसकडे गेले आणि फाइल शेअरिंगला पोर्ट ४४५ मिळाला. नेटबायॉस मात्र चालूच राहिले. त्या काळातली एक फसवी चूक म्हणजे एरर ५२. सर्व्हरला डीएनएसमध्ये सीनेम देऊन त्या टोपणनावाने शेअर उघडला की ‘डुप्लिकेट नेम’ येई, आणि नेटवर्कवर दुसरे यंत्र नसेच. मागितलेले नाव आपले नाही म्हणून सर्व्हर नकार देत असे. त्यावर ‘डिसेबलस्ट्रिक्टनेमचेकिंग’ १ करणे हा उपाय सांगितला जाई. ‘नेटडॉम’ कमांडने पर्यायी नाव रीतसर जोडणे जास्त स्वच्छ.

डोमेनमध्ये, म्हणजे अॅक्टिव्ह डिरेक्टरीखालच्या यंत्रांच्या समूहात, भांडणाचे रूपच बदलले. क्लोन केलेल्या यंत्रावर ‘सिसप्रेप’ जनरलाइझ न करता (मूळ यंत्राची ओळख न पुसता), किंवा व्हर्च्युअल मशीनची प्रत तशीच सुरू करून, कोणी तेच नाव डोमेनला जोडले तर हरकत कोणीच घेत नसे. दुसरे यंत्र पहिल्याच्या खात्याचा पासवर्ड बदलून टाके आणि पहिल्यावर ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येई. इथे क्रम महत्त्वाचा: आधी दुसऱ्याचे नाव बदला, मगच पहिल्याचा सिक्युअर चॅनल (डोमेनशी असलेला विश्वासाचा दुवा) दुरुस्त करा. उलटे केले तर दुरुस्ती टिकेल याची खात्री नाही.

विंडोजच्या ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून ही मुभा आवळली गेली. आधीचे खाते पुन्हा वापरायचे तर ते जोडणाऱ्यानेच किंवा डोमेन अॅडमिनिस्ट्रेटरने तयार केलेले असावे लागते. नाहीतर एरर २७३२ येतो. मार्च २०२३ मध्ये विश्वासातल्या खात्यांना सूट देणारी ग्रुप पॉलिसीही आली. हा एरर पाहून जुने खाते उडवण्याआधी त्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते बघा. चालू यंत्र तो मुळात दर ३० दिवसांनी आपोआप बदलते. तारीख ताजी असेल तर त्या नावाचे यंत्र कुठेतरी जिवंत आहे.