औषधाच्या झाकणाएवढं पाणी: बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरच्या सोबतीची पार्श्वभूमी

वजन घटवण्याचं ऑपरेशन होऊन मी घरी आले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'पाणी थोडे थोडे प्यावे.' थोडं म्हणजे किती, ते कुणी लिहिलं नव्हतं. ते मला एका बाईंनी फोनवर सांगितलं. त्यांची सर्जरी माझ्या चौदा महिने आधी झालेली. "कफ सिरपच्या बाटलीवरचं झाकण असतं ना, ते गरम पाण्यात धुऊन घे. दर पाच मिनिटांनी एक झाकण, तेही दोन घोटांत. घड्याळ समोर ठेव आणि तहान लागली म्हणून ग्लास तोंडाला लावू नकोस." तोवर आमची भेटही झालेली नव्हती. पुढचे आठ दिवस ते झाकण माझ्या उशाशी होतं.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांनी एकमेकांना अशी सोबत करायची ही रीत मुळात आपल्याकडची नाही. ती अमेरिकेत घडली, तीही बऱ्याच चुकांनंतर. गेली सहा वर्षं मी पुण्यातल्या अशा एका गटात जाते. तिथे नव्याने येणारे विचारतात, "डॉक्टर आहेत, डाएटिशियन आहेत, मग हा गट कशाला?" त्याचं उत्तर या इतिहासात आहे, म्हणून तो मांडते.

१९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याच्या बायपासवरचं काम प्रसिद्ध केलं. कल्पना सरळ होती. आतड्याचा बहुतेक भाग वगळून वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागणारच नाही. पुढच्या दोन दशकांत हे ऑपरेशन हजारो लोकांवर झालं. सहा मीटरच्या आसपास लांबीच्या लहान आतड्यातलं जेमतेम अर्धा मीटर वापरात राहायचं. वजन उतरायचं, पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मुतखडे, सांधेदुखी, व्हिटॅमिनची कमतरता आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणं, असं सगळं मागे लागायचं. १९८०च्या सुमारास ही पद्धत मागे पडली आणि अनेकांना पुन्हा ऑपरेशन करून आतडं पूर्ववत जोडून घ्यावं लागलं. मला या काळाचं नेहमी वाईट वाटतं. दिवसातून दहा वेळा संडासला जावं लागणारी बाई हे कुणाशी बोलत असेल? सोसायचं ते ज्याने त्याने आपापल्या घरात सोसलं.

सोबतीची गोष्ट त्याच काळात, पण वेगळ्याच घरांत चालू होती. १९४८ मध्ये मिलवॉकीत एस्थर मांझ या बाईंनी तीन मैत्रिणींना स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमवलं आणि वजन कमी करणाऱ्यांचा 'टॉप्स' हा क्लब निघाला. १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तीन बायकांनी दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या बारा पायऱ्या खाण्याच्या व्यसनाला लावून ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस सुरू केलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच यांनी आधी मैत्रिणींना घरी बोलावून मन मोकळं केलं आणि १९६३ मध्ये त्यातून वेट वॉचर्स ही संस्था उभी राहिली. या सगळ्यांत एक समान धागा होता. आपल्यासारखीच अडचण असलेल्या माणसासमोर खरं बोलता येतं, हे त्या बायकांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

मला मात्र आमच्या गटांची खरी आजी वाटते ती टेरीस लॅसर. १९५२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर घरी जाऊन काय करायचं, हात कसा वर न्यायचा, ब्लाउज कसा शिवायचा, हे सांगणारं तिला कुणी भेटलं नाही. मग तीच इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसायला लागली. काही डॉक्टरांना ती ढवळाढवळ वाटली, तरी तिने भेटी थांबवल्या नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचा 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम आपल्याकडे घेतला. डाएटच्या क्लबात बोलणं निश्चयाचं असतं. लॅसर बोलायची ती सुरीने बदललेल्या शरीराबद्दल. आमचं शरीरही तसंच बदललेलं असतं, तिथे नुसता निश्चय पुरत नाही.

ऑपरेशनला वळण लावलं ते आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुढे वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केली. जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करायचा आणि तो थेट आतड्याला जोडायचा. या पद्धतीत पुढे सुधारणा होत गेल्या आणि आज हा कप्पा साधारण ३० मिलिलिटरचा असतो, म्हणजे नैवेद्याच्या वाटीएवढासुद्धा नाही. यात एक नवीन गोष्ट आली, तिला आम्ही 'डंपिंग' म्हणतो. गोड खाल्लं की ते भसकन आतड्यात उतरतं. मग घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते आणि आडवं व्हावं लागतं. पहिल्यांदा डंपिंग झालं की माणसाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. शेजारी बसलेल्या कुणी "मला पेढ्याने झालं होतं, अर्ध्या तासात उतरलं" म्हटलं की जीवात जीव येतो.

मेसन यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी स्थापन झाली. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून ऑपरेशन कुणाचं करावं याचे निकष ठरवले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ च्या वर आणि जोडीला गंभीर आजार. हे आकडे सगळ्यांना पाठ झाले. त्याच निवेदनातलं दुसरं वाक्य, की रुग्णावर जन्मभर वैद्यकीय देखरेख हवी, तेवढं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जन्मभर हा शब्द तिथे स्पष्टपणे आला, आणि माझ्या मते गटांची गरज तिथेच कागदावर उमटली. कारण जन्मभर कुठला सर्जन रोज फोन उचलणार?

नंतर लाट आली. विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी सॅन डिएगोत दुर्बिणीतून बायपास करून १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केली. मोठा छेद गेला, भीती कमी झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये गायिका कार्नी विल्सन हिने आपलं ऑपरेशन इंटरनेटवर थेट दाखवू दिलं. तोवर लोक ही गोष्ट लपवत होते. अमेरिकेत १९९८ मध्ये अशी सुमारे १३ हजार ऑपरेशनं झाली होती, २००२ मध्ये ७२ हजारांच्या वर. एवढ्या माणसांना सांभाळायला दवाखाने तयार नव्हते. २००४ मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या त्या सोसायटीने उत्कृष्टता केंद्रांची योजना आणली. ज्या रुग्णालयाला तो दर्जा हवा, त्याने देखरेखीखाली चालणारे रुग्णांचे गट चालवलेच पाहिजेत, अशी अट त्यात होती. २००६ मध्ये मेडिकेअर या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याने मान्यताप्राप्त केंद्रांनाच पैसे द्यायचं ठरवलं आणि त्या अटीला वजन आलं. स्वयंपाकघरातून निघालेली गोष्ट अशी नियमात बसली.

ती नुसती नियमापुरती नव्हती, हे पुढच्या आकड्यांनी दाखवलं. २००७ मध्ये युटामधल्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं एकूण मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. मात्र अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. २०१२ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दारूच्या समस्येचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. बायपासनंतर दारू पटकन चढते हे त्यामागचं एक कारण, आणि खाण्याचा आधार सुटलेला असतो हे दुसरं. गटात नियमाने येणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, असंही काही अभ्यासांत दिसलंय. अर्थात जे मुळातच नेटाने करतात तेच गटातही येत असतील, म्हणून त्या आकड्यावर मी फार भर देत नाही. मला दुसऱ्या वर्षाची काळजी जास्त वाटते. तेव्हा कौतुक संपलेलं असतं, काटा थांबलेला असतो आणि डॉक्टरांची तारीख सहा महिन्यांवर गेलेली असते.

महाराष्ट्रात या ऑपरेशनचं नाव घरोघरी पोचलं ते २०११ मध्ये, भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी ते करून घेतल्यावर. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना याच ऑपरेशनसाठी मालवाहू विमानाने मुंबईत आणलं, तेव्हा रोज किती किलो उतरले याच्या बातम्या येत होत्या. त्या सप्टेंबरात त्या अबू धाबीत वारल्या. त्या सगळ्या महिन्यांत किलोंखेरीज त्या माणसाबद्दल फार थोडं बोललं गेलं, याची मला आजही खंत आहे. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्यांना विम्यातून ऑपरेशनचा खर्च मिळण्याची वाट मोकळी झाली. व्हिटॅमिनच्या बाटल्या मात्र जन्मभर आपल्याच खिशातून.

गटाची कल्पना मराठी माणसाला नवी नव्हती. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यांना हात देतात आणि त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. आमच्या गटात बायकोला घेऊन येणारे, सासूला घेऊन येणाऱ्या, असे सगळे बसतात. ते तिथूनच शिकलेलं, असं आमच्यातली जुनी माणसं सांगतात.

पण अमेरिकेतल्या गटाकडे नव्हता असा एक प्रश्न आमच्याकडे आहे, तो म्हणजे आग्रह. आपल्याकडे प्रेम ताटात वाढतात. पंगतीत 'पुरे' म्हटलं की हात थांबत नाही, उलट अजून एक पोळी पडते. पहिल्या वर्षी मी मावशीकडे केळवणाला गेले आणि श्रीखंडाची वाटी समोर आली. नको म्हटलं तर मावशी रुसली, "माझ्या हातचं नको का?" मी चार चमचे खाल्ले आणि बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले. पुढच्या रविवारी गटात सांगितलं, तर एक काका म्हणाले, "ताटलीत वाढूनच घे. रिकामं ताट दिसलं की वाढतात, भरलेल्या ताटाकडे कुणी बघत नाही. आणि यजमानीणबाईंना आधीच फोन कर, मला घट्ट वरण वाटीभर ठेवा म्हणून सांग. त्यांना काहीतरी करायला मिळालं की त्या खूश." कुठल्याच डाएट चार्टमध्ये हे लिहिलेलं नसतं. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पोळी, हे चार्टात असतं. पण जेवताना पाणी न पिणाऱ्या सुनेकडे सासरे कसे बघतात आणि त्यांना काय सांगायचं, ते गटात कळतं.

केस गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठभर. कातडी लोंबते. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटतं आणि "किती वाळलीस गं, शुगर निघाली का?" विचारतं. आणि ज्यांना खरं कळतं त्यांतले काही म्हणतात, "म्हणजे शॉर्टकट मारलास." या शेवटच्या वाक्याने रडलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्यासाठी आमच्याकडे कपड्यांची पेटी आहे. वजन उतरत असताना एक ड्रेस दोन महिने अंगाला बसतो, मग ढगळ होतो. तो धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवायचा आणि पुढचीने न्यायचा. एक मोरपंखी कुर्ता आतापर्यंत पाच जणींनी घातलाय. बाहीच्या आत प्रत्येकीने आपल्या ऑपरेशनची तारीख दोऱ्याने टिपलीय. तो अंगावर चढवणारीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

गटाच्या हातून चूकही होते. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी म्हणाली, दोन आठवडे उलट्या होतायत. आम्ही चार-पाच जणांनी, त्यांत मीही, प्रेमाने सांगितलं, "होतं असं सुरुवातीला, सावकाश चाव." पुढच्या आठवड्यात तिच्या पायांना मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला. सतत उलट्यांमुळे बी-१ व्हिटॅमिन संपलं होतं. इंजेक्शनं वेळेत मिळाली, पण मुंग्या जायला कित्येक महिने लागले. त्यानंतर आम्ही एक नियम भिंतीवर लावला: उलट्या थांबत नसतील, चक्कर येत असेल, काळी शी होत असेल, तर गटात विचारायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. धीर देणं आणि औषध सांगणं यांतली रेघ आम्हाला त्या मुलीच्या त्रासातून कळली आणि ते मी लपवू इच्छित नाही.

२०२० च्या टाळेबंदीत बैठका फोनच्या पडद्यावर गेल्या आणि पुण्याला येणं न परवडणारी लातूर-परभणीकडची माणसं पहिल्यांदा आत आली. एक जण शेतातल्या मोटारीच्या खोलीतून बोलायचे, कारण घरी फक्त बायकोला माहीत होतं. पडद्यावरचा तो मंगळवारचा गट अजून चालू आहे.

आता नवा प्रश्न समोर आहे. २०२५ मध्ये मौन्जारो आणि वेगोव्ही ही वजन कमी करण्याची इंजेक्शनं भारतात आली. ती घेणारी माणसंही आमच्याकडे विचारणा करतात. त्यांचं पोट कापलेलं नाही, मग त्यांना घ्यायचं का, यावर दोन रविवार वाद झाला. काहींना वाटत होतं की आपण जे सोसलं ते त्यांना कळणार नाही. शेवटी घ्यायचं ठरलं. पहिला आला तो हिंजवडीत नोकरी करणारा पस्तिशीचा मुलगा. मागे बसला, तासभर काही बोलला नाही. चहा आल्यावर हळूच म्हणाला, "मला भूकच लागत नाही हल्ली. डब्याच्या वेळी सगळे जेवतात, मी काय करायचं?" झाकणवाल्या बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डबा घेऊन जातोस ना? मग आधी सांग, त्यात काय काय असतं."